आत्याची गाठ, खारूची लस

४ फेब्रुवारी

ताई,

आधी फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "खारूला ताप आलाय" म्हटलं आणि तुम्ही "साप? घरात?" म्हणून अशा ओरडलात की इकडे तुमच्या भावाच्या हातातला कप खाली पडला. बाटल्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान खाल्ले, आणि मोबाइलवर अक्षरं दाबायला तुमचे अंगठे राजी नाहीत. तेव्हा कागदच बरा.

तुमची भाची मजेत आहे. तेरावं पूर्ण झालं तरी कपाटावर चढून बसायची खोड गेलेली नाही. तुम्ही तिचं नाव खारू ठेवलंत तेव्हा काय तोंडाने ठेवलंत कोण जाणे. शाळेच्या हँडबॉलच्या संघात ती आता गोलकीपर आहे. माझंही बरं चाललंय. ड्रायव्हिंग शिकायला सध्या एक निवृत्त गृहस्थ येतात. ब्रेक दाबा म्हटलं की आधी "का?" असं विचारतात.

आता मुद्द्याचं. शाळेने मुलींना एक लस द्यायची ठरवली आहे, एचपीव्हीची. पालकांचा होकार हवा. शनिवारी त्यासाठी सभा होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा एक विषाणू आहे, बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा जो कॅन्सर होतो त्याचं मुख्य कारण हाच. एका वडिलांनी विचारलं, "पण तो अंगात येतो कसा?" बाई म्हणाल्या, "शारीरिक संबंधातून." झालं! अख्ख्या सभागृहाला एकदम आपापल्या मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं झालं. मग एक आई उठली. "अहो, आमच्या मुली अजून लहान आहेत!" बाई म्हणाल्या, "म्हणूनच आता. विषाणू अंगात येऊन गेल्यावर लस देण्यात फारसा अर्थ नाही. पाऊस थांबल्यावर छत्री उघडून काय करणार?"

मला पटलं. मैत्रिणींनाही मीच समजावलं. घरी आले, आणि पेन हातात धरल्यावर सही होईना. मी रोज अनोळखी माणसांच्या हातात गाडी देते, मला भीती नवी नाही. पण ही भीती वेगळीच निघाली. पोरगी धडधाकट आहे. धडधाकट पोरीला मी होऊन काहीतरी टोचायला लावायचं आणि मग काही झालं तर?

तुमच्या भावाला विचारलं तर ते म्हणाले, "ताईला विचार." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वीस मजले वर लोंबकळत काम करतो, पण घरातला कुठलाही निर्णय आला की तुमचं नाव पुढे करतो. खारू जन्मली तेव्हा पहिले चार महिने तुम्हीच तिला सांभाळलंत. म्हणून विचारते. काय करू?

तुमची,
वहिनी

*

११ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. काय करू म्हणून विचारतेस, तर सांगते: नको.

कारण विचारशील. या दवाखानेवाल्यांना मी पुरती ओळखून आहे. मी तेहतीस वर्षांची असताना पोटात गाठ आहे म्हणाले, आणि अख्खं गर्भाशय काढून टाकलं. गाठ केवढी होती, तेवढीच काढता आली नसती का, कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तर "तुम्ही आराम करा" म्हणाले. आराम करून करून बावीस वर्षं झाली. पाळण्यात घालायला मूल मिळालं ते तुझंच, तेही चार महिने. तेव्हा सुई, कात्री घेतलेला माणूस हसत हसत जवळ आला की मी दार गाठते.

आमच्या फ्रेमच्या दुकानात एक बाई लग्नाचा फोटो मढवायला आली होती. ती म्हणाली की या लसीने पुढे मुलं होत नाहीत म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही. माझ्या वाटचं खारूच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मागते.

आणि दुसरं, राग मानू नकोस. ज्या रोगाला तसली वळणं लागतात, तो आपल्या घरात यायचा कशाला? आपल्या पोरीला नीट वळण लावलं की झालं. तीच लस.

माझ्या धाकट्या भावाला सांग, छातीला गार वारा लागू देऊ नकोस.

ताई

*

२० फेब्रुवारी

ताई,

पत्र दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात मी फार रागावले होते, दुसऱ्यात फार गोड बोलले होते. हे तिसरं आहे तसं घ्या.

मुलं न होण्याचं मीही ऐकलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे एकटी जाऊन बसले. अगदी ठासून विचारलं. त्या म्हणाल्या की ही लस बरीच वर्षं, खूप देशांत, खूप मुलींना दिली गेली आहे. मूल होण्यावर परिणाम होतो का हे मुद्दाम तपासलं गेलंय, आणि तसं काही आढळलेलं नाही. मग मी विचारलं, "म्हणजे काहीच होत नाही?" तर तसंही त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. दंड दुखतो. एखाद्या दिवशी ताप येतो. काही मुलींना चक्कर येते. खूप क्वचित कुणाला जोराची ॲलर्जी येते, म्हणून सुई दिल्यावर पंधरा मिनिटं समोर बसवून ठेवतात. शिवाय ही लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांना अडवत नाही, मोठेपणी तपासणी करावीच लागते. मी घरी येऊन तुमच्या भावाला सांगितलं. ते म्हणाले, "लिफ्ट बंद ठेवली तर कधीच पडणार नाही, पण वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?" लग्नानंतर एका दमात एवढं ते पहिल्यांदाच बोलले असतील.

आता वळणाचं. ताई, हे मला लागलं. डॉक्टर म्हणाल्या की हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक माणसांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो. बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो, काहींच्या राहतो. ज्या बाईने आयुष्यात एकाच नवऱ्याचं तोंड पाहिलं तिलाही तो होतो. यात वळण कुठे आलं? माझ्या मुलीला मी वळण लावेनच. पण रस्त्यावर मी नीट चालवते म्हणून समोरचाही नीट चालवेल, असं मी कुठल्याच विद्यार्थ्याला शिकवत नाही.

एक विचारू? तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा नक्की काय झालं होतं? यांना विचारलं तर म्हणाले, "गाठ होती म्हणे, मी तेव्हा कॉलेजात होतो."

मी सही केली आहे. तुम्हाला विचारलं आणि तुमचं ऐकलं नाही, याचं वाईट वाटतंय. पण केली आहे.

वहिनी

*

१५ मार्च

प्रिय आत्या,

तू आईवर रुसली आहेस का? तिच्या पत्राला उत्तर नाही. ती रोज पेटीत हात घालून बघते आणि मग म्हणते, "विजेचं बिल आलं का बघत होते." विजेचं बिल मोबाइलवर येतं.

मी तुला एक गोष्ट सांगते, पण आईने मुद्दाम कळवलं नाहीये, तेव्हा ओरडू नकोस. मंगळवारी आम्हाला लस दिली. मला सुईची भीती वाटली नाही. म्हणजे थोडी वाटली. त्या दिवशी पहाटे सामन्याचा सराव होता, म्हणून मी काही खाल्लंच नव्हतं, आणि आईला मात्र "खाल्लं" म्हणून सांगितलं होतं. रांगेत खूप वेळ उभं राहावं लागलं. सुई दिल्यावर खुर्च्यांवर बसायचं होतं, पण खुर्च्या कमी होत्या, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग भिंत गेली. म्हणजे भिंत तिथेच होती, मी गेले.

डोळे उघडले तर डॉक्टरीणबाईंनी माझे पाय वर धरलेले आणि हनुवटीतून रक्त. दोन टाके पडले. आमच्या संघातली सर्वांत चांगली आघाडीची खेळाडू रडत होती. मला वाटलं माझ्यासाठी रडतेय, पण पुढचा नंबर तिचा होता.

वाईट पुढेच आहे. कुणीतरी मोबाइलवर माझा पडतानाचा व्हिडिओ काढला. खाली लिहिलं, "लस घेताच मुलगी कोसळली." तो सगळ्या पालकांकडे गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या आईवडिलांनी नकार कळवला. आईच्या दोन मैत्रिणी तिच्याशी बोलत नाहीत, कारण आईनेच त्यांना समजावलं होतं. एक बाई आईकडे गाडी शिकायच्या, त्याही यायच्या बंद झाल्या.

मी आता ठणठणीत आहे. दंड दोन दिवस दुखला. रविवारी मी तीन गोल अडवले, एक हनुवटीने (चुकून). पण आई रात्रीच्या जेवणाला नुसती ताटाकडे बघत बसते. तू तिला पत्र लिही. "मी म्हटलं होतं ना" असं लिहिणार असशील तर मात्र लिहू नकोस.

तुझी खारू

*

६ एप्रिल

मास्तरीणबाई,

पोरीने हनुवटी फोडून घेतली आणि तू मला कळवलं नाहीस. बरोबर केलंस. मी कळल्याकळल्या "मी म्हटलं होतं ना" असंच लिहिलं असतं. कागद काढलाही होता.

पण मनात म्हटलं, नुसतं म्हणून भागायचं नाही, पुरावा हवा. दुसरी सुई तरी अडवायची. म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाला बायकांचा दवाखाना आहे तिथे गेले. ऑपरेशनच्या त्या वर्षानंतर पहिल्यांदाच कुठल्या दवाखान्याची पायरी चढले. आत एक तरुण डॉक्टर मुलगी. तिला म्हटलं, "माझी भाची लस घेऊन कोसळली, यावर तुमचं काय म्हणणं आहे ते मला लेखी द्या."

ती हसली नाही. तिने विचारलं, मुलगी उपाशी होती का, उभी होती का. मी हो म्हटलं. "या वयात कुठल्याही सुईनंतर अशी चक्कर येते, मावशी. बसवून, खाऊ घालून द्यायला हवी होती. हे शाळेतल्या व्यवस्थेचं चुकलं." मग माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी झाली होती?"

मी म्हटलं, "माझं काय तपासणार? गर्भाशयच काढलंय. गाठ होती."

"ऑपरेशननंतर काही उपचार?"

"काही नाही. फक्त ते यंत्राखाली झोपवून शेक द्यायचे. महिनाभर रोज बसने जायचे मी. पोटाची फार दैना झाली."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "मावशी, जुने कागद पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण साध्या गाठीसाठी असा शेक देत नाहीत. तो कॅन्सरसाठी देतात."

मी कशी घरी आले, मला ठाऊक नाही. हे दुकानात फ्रेमला काच बसवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला काय झालं होतं?"

त्यांनी "कधी?" असंसुद्धा विचारलं नाही. काच खाली ठेवली. म्हणाले, "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. तुझ्या आईने आणि मी ठरवलं, तुला सांगायचं नाही."

"बावीस वर्षं?"

"तू भिऊन मेली असतीस. तुला जगवायचं होतं."

मास्तरीणबाई, मी त्या माणसाला काय काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. माझ्या अंगातली गोष्ट, आणि ती माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक! बावीस वर्षं ज्या डॉक्टरांना मी शिव्या दिल्या, त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मला त्यांचं नावही आठवत नाही. बोलून बोलून दमले तेव्हा पाहिलं, तर हे रडत होते. म्हणाले, "मी कुठेतरी वाचलं, हा रोग नवऱ्याकडून येतो. मग तर तोंडच उघडवेना." दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊनच त्या मुलीकडे गेले. तिने त्यांना सांगितलं की कुणाकडून आला, कधी आला, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ज्याला अंगात काही आहे हे ठाऊकच नव्हतं त्याला दोष कसला. ती बोलली ते मला अर्धंच ऐकू आलं, पण यांचे खांदे खाली आले ते दिसलं.

म्हणजे बघ. ज्या रोगाला मी "तसली वळणं" म्हटलं, तो माझाच होता. तो शब्द मी परत घेते. तुझं घर, तुझी मुलगी, तुझी सही, सगळं बरोबर.

खारूला दुसरी सुई दे. पोटभर खाऊ घाल आणि आडवी झोपवून दे.

ताई

*

१४ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र मी गाडीत वाचलं. ते निवृत्त गृहस्थ शेजारी होते. मला रडताना पाहून त्यांनी स्वतः होऊन गाडी कडेला घेतली, दिवा लावून, आरशात बघून. इतके दिवस शिकवून जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं.

तुमच्या भावाला वाचून दाखवलं. ते उठून गॅलरीत गेले. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "ताईने तेव्हा माझी कॉलेजची फी भरली होती. बसने जात होती आणि फी भरत होती."

आता माझंही ऐका. तुम्ही "दुसरी सुई दे" म्हणताय, आणि मी इकडे ठरवून बसले होते की द्यायची नाही. व्हिडिओत माझं लेकरू पडताना मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं चक्कर येऊ शकते. मीच तुम्हाला ते लिहिलंही होतं. पण "काही मुलींना" असं वाचताना त्या काही मुलींत आपली असेल असं कुठे वाटतं? मैत्रिणी म्हणतात, "तू आम्हाला सांगितलंस." हो, सांगितलं. मी चुकीचं सांगितलं नव्हतं, पण भीतीचा भाग मी घाईघाईने सांगितला होता, एवढं खरं.

दुसरी मात्रा सप्टेंबरात आहे. त्याआधी शाळा पुन्हा सभा घेणार आहे. मुख्याध्यापकांनी कबूल केलंय की रांगेची आणि खुर्च्यांची व्यवस्था चुकली. मला तिथे बोलायला सांगितलंय, आणि काय बोलावं मला सुचत नाही.

तुम्ही याल? भाषण नको. नुसत्या शेजारी बसा.

आणि तुमच्या तपासणीचं काय झालं? त्या डॉक्टर मुलीने सांगितली असेलच ना?

वहिनी

*

२९ एप्रिल

मास्तरीणबाई,

येते. मला सभेत काही ऐकू येणार नाही हे आधीच सांगून ठेवते. कुणी मला प्रश्न विचारला तर खारूने माझ्या कानात सांगायचा, आणि जसाच्या तसा, स्वतःचा मसाला न घालता.

तपासणी सांगितली आहे. इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नाही म्हणून रागावली ती पोर. पण मी करून घेतलेली नाही. दुकानात काम आहे, माणूस मिळत नाही, वगैरे वगैरे. खरं सांगायचं तर पाय उचलत नाही. माहीत नव्हतं तेव्हा मी बरी होते. आता रोज सकाळी उठून पोट चाचपते.

तू हे धाकट्याला सांगू नकोस.

ताई

*

२२ सप्टेंबर

प्रिय काका,

आत्या सोमवारी येईल. ती तुम्हाला सगळं सांगेलच, पण ती स्वतःबद्दलचं गाळून सांगते, म्हणून मी लिहिते. तुम्ही दुकान सोडून आला नाहीत, मोठ्याच गमतीला मुकलात.

सभेला आमचं सभागृह भरलं होतं. आई उठली. तिने माइक दोन्ही हातांनी धरला होता, आणि गाडीचं चाक ती एका हाताने फिरवते. ती म्हणाली, "व्हिडिओतली मुलगी माझी आहे. ती पडली तेव्हा मला वाटलं मी फार मोठी चूक केली. तुमच्यापैकी ज्यांनी नकार दिला त्यांचा मला राग नाही. मीही नकार द्यायच्या बेतात होते." मग तिने चक्कर का आली ते सांगितलं. मी उपाशी असून खाल्लं म्हणून खोटं बोलले तेही सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

एक वडील म्हणाले, "मुलगी एकदा कोसळली, तरी परत देणार?"

आई म्हणाली, "हो. या वेळी जेवून आणि झोपवून."

"आणि काही झालं तर?"

तेव्हा आत्याने मला कोपर मारलं. "काय म्हणतोय तो?" मी कानात सांगितलं. आत्या उभी राहिली. तुम्हाला माहीत आहे, तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती केवढ्याने बोलते ते. माइकची गरजच पडली नाही.

ती म्हणाली, "मी या पोरीची आत्या. मला हा कॅन्सर झाला होता. माझ्या वेळी ही लस नव्हती. असती तर माझ्या आईने दिली असती की नाही, मला ठाऊक नाही. मीसुद्धा फेब्रुवारीत नकोच म्हणत होते. सुईने दंड दुखतो, ही पोर पडली, हनुवटी फुटली, सगळं खरं आहे. मी दोन्ही बाजूला काय आहे ते बघितलंय. एका बाजूला दोन टाके आहेत. दुसऱ्या बाजूला मी आहे."

 मग मागच्या रांगेतल्या एका बाईने हळूच विचारलं, "त्रास खूप झाला का हो?" मी आत्याच्या कानात सांगितलं. आत्या म्हणाली, "झाला. पण मी गेले नाही, बघा ना, उभी आहे."

मग प्रश्नच प्रश्न. एकाने विचारलं, मुलग्यांना का देत नाहीत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांनाही देता येते, त्यांनाही या विषाणूमुळे काही कॅन्सर होतात. आमच्या वर्गातल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. शेवटी सगळ्यांनी होकार दिला असं नाही झालं. आमच्या आघाडीच्या खेळाडूची आई, जी आईशी बोलत नव्हती, ती म्हणाली, "मला अजून धीर होत नाही." आई तिला म्हणाली, "मग थांब. प्रश्न उरले असतील तर आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ." आता त्या दोघी बोलतात.

आज सकाळी मला दुसरी लस दिली. मी दूध, दोन केळी, तीन अंडी आणि आईने पुढ्यात ठेवलेलं बाकी सगळं खाऊन गेले होते. सगळ्यांसाठी गाद्या घातल्या होत्या. मी आडवी झाले, आत्या उशाशी बसली होती. सुईवाली ताई आली तेव्हा मी म्हटलं, "थांबा." आई पांढरी पडली.

मी आत्याला म्हटलं, "तू तुझी तपासणी केली नाहीस. मला माहीत आहे. आईने बाबांना सांगितलं नाही, पण ती तुझं पत्र मोठ्याने वाचत होती तेव्हा मी कपाटावर होते."

आत्या म्हणाली, "काय? मला ऐकू येत नाही."

मी ओरडून म्हटलं, "तुला चांगलं ऐकू आलंय!"

सगळ्या मुली हसायला लागल्या. आत्या लाल झाली. मग म्हणाली, "करते. सोमवारी घरी पोचले की मंगळवारी करते. टोच गं बाई तिला."

काका, मंगळवारी तुम्ही तिला घेऊन जा. दुकान बंद ठेवा. ती वाटेत "भाजी घेऊन येते" म्हणून सटकेल, हात सोडू नका.

मला चक्कर आली नाही. दंड दुखतोय, म्हणून अक्षर असं.

तुमची खारू

*

१८ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

भाचीला सांग, तिच्या काकांनी माझा हात खरंच सोडला नाही. रस्ता ओलांडताना लग्नाच्या वेळीही धरला नव्हता इतका घट्ट धरला होता.

तपासणी झाली. निकालाला काही दिवस लागले. ते दिवस कसे काढले ते विचारू नकोस. मी काचेची मापं चुकवली, यांनी ती गुपचूप पुन्हा कापली. काल निकाल घ्यायला गेलो. डॉक्टर मुलीने मला समोर बसवलं, कागद वाचला आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही. ती पुन्हा बोलली. मी म्हटलं, "मोठ्याने सांग, बाई."

तिने मोठ्याने सांगितलं. "मावशी, सगळं स्वच्छ आहे! गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा मागमूसही नाही! दर वर्षी येत जा!"

दार उघडं होतं. बाहेर बायकांनी भरलेली खोली. आमच्या आईने जो शब्द दार लावून, पदर तोंडाशी धरून, कुजबुजत उच्चारला असेल, तो त्या पोरीने अख्ख्या दवाखान्याला ऐकवला. मी बाहेर आले तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. यांनी माझी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले.

दाराजवळ एक बाई बसली होती, शेजारी खारूएवढी मुलगी, मोबाइलमध्ये डोकं घातलेली. बाईने माझं मनगट धरलं. माझ्या तोंडाकडे बघत, ओठ मोठे मोठे करून म्हणाली, "त्या लसीचं तुम्हाला काही ठाऊक आहे का हो? हिला द्यावी की नको, मला कळत नाहीये."

मुलीने मोबाइल खाली ठेवला.

मी यांना म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा, दुकान उघडा." आणि त्यांच्याकडून घेतलेली पिशवी मांडीवर ठेवून त्या दोघींच्या मध्ये बसले.

ताई